वरच्या मजल्यावरचा विक्रम

मे महिना लागला की रिचमंड हिलमधल्या आमच्या काँडोसमोरच्या पार्कात सिटीची, म्हणजे पालिकेची, माणसं येतात. हिवाळाभर बर्फाखाली दबलेलं बेसबॉलचं मैदान आधी नुसता चिखल असतं, मग ओली तपकिरी माती होते, आणि एखाद्या सकाळी चहा घेऊन बाल्कनीत जावं तर त्या मातीवर चुन्याच्या पांढऱ्या रेषा ओढलेल्या दिसतात. इथल्या लोकांना त्या रेषा दिसल्या की हायसं वाटतं. शेजारची बाई विंटर टायर काढून टाकायला गाडी घेऊन निघते. कुणी बार्बेक्यू पुसायला काढतं.

मला मात्र त्या दिसल्या की भीती वाटते.

दर वर्षी वाटते. खालून चेंडूवर बॅट बसल्याचा पहिला आवाज आला की हातातला कप मी नकळत खाली ठेवते. अमोल, माझा नवरा, हसतो. "मृणाल, आता कसली भीती गं? आता आपलं घर आहे, पीआर आहे, कायमचं राहता येतं." त्याचं बरोबर आहे. पण भीती अंगात एकदा मुक्कामाला आली की तिचं कारण संपलंय हे तिला सांगायला कुणी जात नाही. ती आपली ऋतू बघून येत राहते. कुणाला वसंतात परागकणांनी शिंका येतात, मला हे होतं.

काही वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा. तेव्हा आम्ही इथून जवळच, वॉनला राहत होतो. विटांचं बुटकं घर, वर मालक, खाली बेसमेंटमध्ये आम्ही दोघं. माझं कॉलेज नुकतंच संपलं होतं आणि वर्क परमिटसाठी अप्लाय करून मी रोज ईमेल उघडून बघत होते. अमोलचा इथला मुक्काम माझ्या कागदांवर अवलंबून. तो जवळच्या एका गोदामात ट्रकमधला माल उतरवायचा. म्हणजे माझा पाय घसरला की त्याचाही घसरणार, आणि दोघं मिळून थेट जळगावला पोचणार. या सगळ्यात एकच गोष्ट पक्की होती, डोक्यावरचं छप्पर. क्रेडिट हिस्टरी न विचारता, कुणा ओळखीच्याचं नाव न मागता बेसमेंट देणारा मालक आम्हाला मिळाला होता. असा दुसरा मिळणार नाही हे आम्ही दोन महिने हिंडून शिकलो होतो.

बेसमेंटला एकच मोठी खिडकी, तीही जमिनीलगत. तिच्यातून आभाळ दिसायचं नाही, माणसांचे पाय दिसायचे. मालकांचा चेहरा नीट ओळखण्याआधी मी त्यांचे बूट ओळखायला लागले. तपकिरी, मातीने माखलेले, टाचेकडे झिजलेले. टोमॅटोच्या वाफ्यात ते बूट यायचे, थांबायचे आणि बराच वेळ हलायचेच नाहीत. आपण आत भांडी घासत असू आणि नेमके खिडकीसमोर ते बूट थांबलेले असतील तर नळसुद्धा हळू सोडावासा वाटायचा.

त्यांचं नाव आल्दो. तरुणपणी इटलीतून आलेले, जन्मभर गवंडीकाम केलेलं. बायको वारलेली, मूलबाळ नाही. धिप्पाड, पांढऱ्या भुवया, आणि बोलणं इतकं कमी की बोलले म्हणजे काहीतरी चुकलंच असणार असं वाटावं. आम्ही आपसात त्यांना "वरचे" म्हणायचो. शेजारच्या घरातल्या पंजाबी बाईंनी पहिल्याच आठवड्यात कुंपणावरून मला सांगितलं होतं, "इनसे पहले जो लड़के थे ना, एक दिन में निकाल दिए. सामान बाहर." एवढं सांगून त्या आत गेल्या. मुलांनी काय केलं होतं ते त्यांनी सांगितलं नाही, त्यामुळे काय करायचं नाही हेही आम्हाला कळलं नाही. मग आम्ही काहीच करायचो नाही. चपला हातात घेऊन मागच्या दाराचा जिना उतरायचो. लसूण-मिरचीची फोडणी दिली की वर खोकल्याची उबळ यायची आणि पाठोपाठ लाकडी जमिनीवर ठक, ठक, ठक. मी घाईघाईने गॅस बंद करायचे. तो उन्हाळा आम्ही बराचसा वरणभातावर काढला.

अमोल गावी टेनिस बॉलच्या स्पर्धा खेळायचा. लांब सिक्स मारणारा म्हणून त्याला दुसऱ्या तालुक्यातून बोलावणं यायचं. इकडे आल्यापासून त्याने बॅट हातात धरली नव्हती. गोदामातल्या पोरांची बेसबॉलची टीम होती, एक माणूस कमी पडला म्हणून त्यांनी याला नेलं. पहिल्या रविवारी तो घरी आला तो लहान मुलासारखा.

"मृणाल, सगळे फुलटॉस टाकतात! एकाचाही टप्पा पडत नाही. अख्खी मॅच फुलटॉस!"

"मग?"

"मग काय, मारले."

किती दिवसांनी त्याचा असा चेहरा बघत होते मी. रविवारची मॅच हा मग आमचा सण झाला. मी डबा घेऊन जायचे आणि पत्र्याच्या पायऱ्यांवर बसायचे. खेळ समजायला फारसं काही लागलं नाही. पिचर चेंडू टाकतो, बॅटर मारतो, चेंडू कुंपणापार गेला की होम रन, म्हणजे आपला सिक्सच, फक्त मारल्यावर चारही बेसना, मैदानातल्या चार खुणांना, शिवून धावत यायचं. अमोल दर रविवारी एखादा तरी पार करायचा. कधी दोन.

जुलैच्या सुरुवातीला एकदा तो पाण्याची बाटली भरायला खाऊ विकणाऱ्या खिडकीकडे गेला आणि परत आला तेव्हा त्याचा रंग उतरला होता. तिथे भिंतीवर लीगच्या जुन्या विक्रमांची लाकडी पाटी होती. एका मोसमात सर्वांत जास्त होम रन कुणाचे, तर पांढऱ्या रंगात एक नाव. आम्हा दोघांच्या जन्माआधीपासूनचं.

त्याने बोट वर केलं. मला आधी कळलंच नाही. आभाळाकडे काय दाखवतोय? मग कळलं. आभाळ नव्हे, छत. आमचं छत.

"वरचे?"

"वरचे."

"आणि तुझे किती झालेत?"

त्याने सांगितलं. त्यानंतर घरात तो आकडा आम्ही कधी उच्चारला नाही, आणि इथेही मी तो लिहिणार नाही. आकडा तसा फार मोठा नव्हता. पण त्या माणसाकडे होतं काय दुसरं? बायको नाही, मूल नाही, बांधलेल्या भिंतींवर गवंड्याचं नाव कुणी लिहीत नाही. भिंतीवर त्यांचं नाव होतं ते त्या एका पाटीवर. आणि त्यांच्याच पायाखाली राहणारा, त्यांच्याच दयेवर राहणारा आमच्यातला एक जण ते पुसायला निघाला होता.

मग सुरू झाली लपवालपवी. टीमचा शर्ट बाहेर दोरीवर न वाळवता मी तो वॉशरूममध्ये, दार लावून वाळवायला लागले. बॅट योगा मॅटमध्ये गुंडाळून न्यायची. रविवारी निघताना आधी मी बाहेर डोकावायचे, बूट कुठे आहेत ते बघायचे, मग अमोल निघायचा. एका सकाळी मी बाहेर गेले आणि ते वाफ्यात वाकलेले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "तुझा नवरा रविवारी जातो कुठे?"

"क्रिकेट," मी म्हटलं.

"हं. क्रिकेट." आणि हातातल्या कात्रीने त्यांनी टोमॅटोचा एक कोवळा फुटवा कट्कन छाटला.

तो आवाज मला पुढे कितीतरी दिवस ऐकू येत होता.

आता वाटतं, तेव्हा आम्ही तिशीचे होतो, धडधाकट होतो, कुणाचं काही चोरलेलं नव्हतं. मग इतकं भ्यायचं कशाला? पण परक्या देशातल्या पहिल्या वर्षांत माणूस वयाने कितीही मोठा असो, तो दुसऱ्याच्या घरात आलेल्या लहान पाहुण्यासारखा असतो. कशाला हात लावायचा, कशाला नाही, हे त्याला कुणी सांगत नाही. तो प्रत्येकाच्या चेहऱ्याकडे बघत राहतो. मला आठवतं, तेव्हा बसचा ड्रायव्हर जरा जोरात बोलला तरी माझ्या मनात पहिला विचार परमिटचा यायचा.

ऑगस्टमध्ये एका रविवारी पार्कच्या कडेला मरून रंगाची जुनी लांबलचक गाडी उभी दिसली. अगदी वरच्यांच्या गाडीसारखी. मी अमोलला सांगितलं नाही. अशा गाड्या खूप असतात, असं स्वतःला समजावत बसले. त्याच दिवशी अमोलने विक्रमाशी बरोबरी केली. त्याच्या टीमची पोरं नाचली, त्याला उचललं. मी पायऱ्यांवर बसून त्या गाडीकडे बघत होते. गाडी वळली आणि सावकाश निघून गेली.

मॅच संपल्यावर पार्किंगमध्ये एक उंच माणूस आमच्याकडे आला. हा मार्को, वरच्यांचा भाचा. दुसऱ्या एका टीमचा पिचर आणि कोच. वरचे ज्या टीमसाठी खेळले तीच ती टीम. भाड्याचे कागद त्यानेच आमच्याकडून सही करून घेतले होते. तो अगदी हसून बोलला, त्याची मला जास्त भीती वाटली.

"छान खेळतोस. शेवटची मॅच आमच्याशीच आहे, माहितीये ना?"

"हो," अमोल म्हणाला.

"मामांचं वय झालंय. आम्ही घरचे म्हणतोय, बेसमेंट रेनोव्हेट करून घ्यावं. भाडेकरू वगैरे कशाला त्यांच्या डोक्याला." मग माझ्याकडे बघून, "तुम्ही काही घाबरू नका हं. नुसता विचार चाललाय."

पुढच्या तीन मॅचमध्ये अमोलचा एकही चेंडू कुंपणापार गेला नाही. तो जोरात फिरवल्यासारखं करायचा, पण चेंडू मध्येच कुठेतरी पडायचा. त्याच्या टीमची पोरं म्हणायची, प्रेशर आलंय. मला माहीत होतं ते काय आहे. मी त्याला काही विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. आम्ही दोघं एकमेकांशी फार गोड वागत होतो त्या दिवसांत. भाजीत मीठ कमी पडलं तरी तो छान झालीय म्हणायचा.

शेवटच्या मॅचच्या आदल्या संध्याकाळी तो म्हणाला, "उद्या मी जात नाही. कंबर दुखतेय म्हणून सांगतो."

"नको जाऊस," मी म्हटलं. माझा आवाज इतका चटकन निघाला की तो माझ्याकडे बघतच राहिला. "एक खेळ तर आहे, अमोल. छप्पर महत्त्वाचं."

"हो ना. खेळच आहे." तो उठला आणि योगा मॅट कपाटाच्या वर, अगदी मागे सारून आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पोहे खात होतो. घरातून वर जाणाऱ्या आतल्या जिन्यावर आवाज झाला. ठक. ठक. ठक. या वेळी वरून नाही, जिना उतरत. इतक्या महिन्यांत वरचे कधी खाली आले नव्हते. अमोल ताटली हातात घेऊन उभा राहिला. मला वाटलं, झालं. आज सामान बाहेर.

दार वाजलं. मी उघडलं. ते इस्त्रीचा शर्ट घालून उभे होते आणि त्यांच्या हातात लाकडी बॅट होती. जुनी, मुठीशी काळी पडलेली. मी एक पाऊल मागे सरकले. त्यांनी ती बॅट जमिनीला टेकवली, तिच्यावर भार दिला, दुखरा गुडघा हलकेच पुढे घेतला आणि मग दुसरं पाऊल टाकलं. ठक. ते आम्हाला बजावायला जमीन ठोकत नव्हते. इतके महिने तो माणूस बॅटच्या आधाराने खिडकी उघडायला जात होता. हे मला कळलं, पण भीती काही लगेच उतरली नाही.

"आज मॅच आहे," ते म्हणाले.

"त्याची कंबर..." मी सुरुवात केली.

त्यांनी अमोलकडे, मग त्याच्या हातातल्या भरलेल्या ताटलीकडे बघितलं. "गाडी बाहेर काढतो. मी नेतो तुम्हाला." आणि वळून ते जिना चढायला लागले. नाही म्हणायला कुणी उरलंच नाही.

त्या मरून गाडीत मी मागे बसले, माझ्या शेजारी त्यांची बॅट. पुढे अमोल गुडघ्यावर हात ठेवून, मुलगी बघायला निघाल्यासारखा ताठ. गोदामांच्या लांबच लांब करड्या भिंती दोन्ही बाजूंनी सरकत होत्या. ते का नेताहेत? डोळ्यांसमोर हरलेला बघायला? की सगळ्यांसमोर काही बोलायला? मी खिडकीबाहेर बघत मनातल्या मनात सामान बांधत होते. दोन सुटकेस, कुकर, मिक्सर, गाद्या इथेच सोडायच्या.

मैदानावर त्या दिवशी बरीच गर्दी होती. जुने लोक, खुर्च्या घेऊन आलेले. वरच्यांना बघून सगळे उठून हात मिळवायला आले आणि अमोलला बघून गप्प झाले. मी जाळीपाशी, बॅटरच्या अगदी मागे जागा घेतली. थोड्या अंतरावर ते खुर्ची टाकून बसले.

अमोल बॅटिंगला आला. समोर मार्को. कॅचर, म्हणजे इथला विकेटकीपर, उठून उभा राहिला आणि त्याने हात बाजूला लांब केला. मार्कोने चेंडू त्या हातात टाकला, अमोलपासून तीन हात लांब. दुसरा तसाच. तिसरा, चौथा. चार चेंडू बाहेर टाकले की बॅटर आपोआप पहिल्या बेसवर जातो, नियमच आहे. मारायला चेंडू मिळालाच नाही तर होम रन कुठून होणार? अमोल बॅट खाली ठेवून चालत गेला. दुसऱ्यांदाही तेच. लोकांत कुजबुज सुरू झाली. कुणी हुर्यो केली, कुणीतरी "बरोबर आहे!" असंही ओरडलं. मला, खरं सांगायचं तर, सुटल्यासारखं वाटत होतं. असंच होऊ दे. कुणाचा दोष नाही, कुणाचं काही गेलं नाही, आणि आम्ही आमच्या घरी.

तिसऱ्या वेळी अमोल आला. ही त्याची शेवटची पाळी. कॅचर पुन्हा उठला, पहिला चेंडू पुन्हा बाहेर.

खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. वरचे उठले होते. बॅट टेकवत ते जाळीच्या फाटकाशी गेले, फाटक उघडलं आणि मैदानात शिरले. अंपायरने अडवायला हात वर केला, त्यांना ओळखलं आणि हात खाली घेतला. ते सरळ अमोलच्या दिशेने चालत होते, हातात बॅट. माझी बोटं जाळीत अडकली होती.

अमोलपाशी ते थांबले आणि बोटाने मार्कोला जवळ बोलावलं. ते मोडक्या इंग्रजीत बोलत होते, त्यात मधूनच इटालियन. मी ते मराठीतच सांगते.

"काय चाललंय हे?"

"मामा, तुमच्यासाठीच..." मार्को म्हणाला.

"माझ्यासाठी? मला विचारलंस? तो आकडा मी मारून मिळवलाय. तू असा लांब लांब टाकून तो माझ्याकडे ठेवणार? मग तो माझा राहिला का? तुझा झाला."

मार्को खाली बघायला लागला. मग वरच्यांनी मान वळवली ती अमोलकडे. अमोल नकळत मागे सरला.

"आणि तू. तीन मॅच झाल्या, बॅट अडवून धरतोयस. मी गाडीतून बघतो. मनगट शेवटच्या क्षणी सोडत नाहीस. कुणी शिकवलं हे?"

"कुणी नाही, सर."

"मला घाबरतोस?"

अमोलने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाला, "हो."

वरच्यांच्या भुवया थरथरत होत्या. "तो मला म्हातारा समजतो, तूही मला म्हातारा समजतोस. मी भीक मागितली का कुणाकडे? तू नीट टाक. तू नीट मार. जमलं तर जमलं, नाही जमलं तर नाही." एवढं बोलून ते वळले. ठक, ठक करत खुर्चीपर्यंत यायला त्यांना बराच वेळ लागला, आणि तेवढा वेळ कुणी हाललं नाही.

कॅचर खाली बसला. मार्कोचा पहिला चेंडू अमोलच्या छातीजवळून सणसणत गेला, अमोल मागे पडता पडता वाचला. मुद्दाम होता की नाही, मला अजून माहीत नाही. पुढच्यावर अमोलने बॅट फिरवली आणि चुकला. काय फिरवली होती! वारा कापल्याचा आवाज जाळीपर्यंत आला. हा तो गावाकडचा अमोल होता, हे मला कळलं, आणि मी अशी काही घाबरले की काय सांगू. चुकला तर वाईट, लागला तर वाईट. मार्कोने हात मागे नेला आणि मी डोळे घट्ट मिटून घेतले.

मग तो आवाज. तोच, जो आजही मला कप खाली ठेवायला लावतो.

डोळे उघडले तेव्हा सगळी माणसं लांब कुठेतरी बघत होती आणि अमोल धावत होता. हात वर केले नाहीत, ओरडला नाही, मान खाली घालून नुसता धावत होता. मार्को कमरेवर हात ठेवून पाठमोरा उभा होता. अमोल तिसऱ्या बेसवर पोचला तेव्हा तो वळला, डोक्यावरची टोपी काढली आणि ती हातात धरून उभा राहिला. हे त्याला सोपं गेलं नसणार. त्याचा चेहरा लालबुंद झाला होता.

आणि मग मी वरच्यांकडे बघितलं. टाळ्या वाजत होत्या, ते वाजवत नव्हते. जबडा घट्ट आवळलेला. मी मनात म्हटलं, बोलले एक, आता सोसत नाहीये. पण ते उठले, दुसऱ्यांदा फाटकातून आत गेले आणि अमोल शेवटच्या बेसवर पाय ठेवतो तिथे जाऊन उभे राहिले. अमोल आला. दोघं समोरासमोर. वरच्यांनी बॅट डाव्या हातात घेतली, उजवा हात पुढे केला आणि मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "चांगला मारलास." अमोल वाकला. त्यांना कळेना हा काय शोधतोय. तो त्यांच्या मातीच्या बुटांना हात लावत होता.

इथे गोष्ट संपायला हवी होती. पण घाबरलेल्या माणसाला कशातही पुढचं दिसतं. परत येताना गाडीत ते एक शब्द बोलले नाहीत. घरी आल्यावर वर गेले. दुसऱ्या दिवशी सोमवारी वाफ्यात बूट दिसले नाहीत. टोमॅटोला पाणी नाही. वर काहीच आवाज नाही. दुपारी मी मुद्दाम मिरचीची फोडणी दिली, चांगली सढळ. खोकला नाही, काही नाही. इतके महिने मी त्या माणसाच्या आवाजाला भ्याले होते, आता आवाज नाही म्हणून भीत होते.

अमोल कामावरून आला तेव्हा बाहेर अजून छान उजेड होता. मी वांग्याचं भरीत ताटलीत घेतलं आणि त्याला म्हटलं, "मी वर जाते." पहिल्यांदाच मी तो आतला जिना चढले. दार वाजवलं. पुन्हा वाजवलं. बऱ्याच वेळाने उघडलं.

त्यांच्या अंगावर कालचाच शर्ट होता, चुरगळलेला. दाढी वाढलेली. स्वयंपाकघरात पडदे ओढलेले.

"तुम्ही बरे आहात ना?" मी विचारलं.

"नाही," ते म्हणाले. "आज मला वाईट वाटतंय. एक दिवस वाटू दे. उद्या वाटणार नाही." मग ताटलीकडे बघून त्यांनी खुर्ची पुढे सरकवली. "बस."

मी बसले. कालपासून जे मनात घोळत होतं ते विचारलं. "तुम्हाला आम्ही खेळतोय हे कधी कळलं?"

"जूनमध्ये. पार्कावरून जात होतो, एक चेंडू कुंपणापार जाताना दिसला. कुणी मारला म्हणून बघितलं. बघितलं तो माझा भाडेकरू." ते थोडं हसले. "तेव्हापासून मी घाबरलो होतो."

"तुम्ही?"

"दर रविवारी. झोप नाही, जेवण नाही. आज किती मारेल, आज किती मारेल."

ते वर घाबरलेले, आम्ही खाली घाबरलेलो, मध्ये एक लाकडी जमीन. "मग त्याला गाडीत बसवून नेलंत कशाला? तो घरी राहणारच होता."

"घाबरलो होतो म्हणूनच नेलं. घरी बसू दिलं असतं तर मी सगळा हिवाळा घाबरलेलाच राहिलो असतो." त्यांनी भरिताचा एक घास घेतला, सावकाश चावला. "आता झालं ते झालं. वाईट वाटतंय, पण भीती गेली."

रेनोव्हेशनबद्दल विचारू की नको, असं माझं चाललं होतं. मी हळूच मार्कोचं नाव काढलं. त्यांनी हात झटकला. "घर माझं आहे," एवढंच म्हणाले आणि खात राहिले. ताटली जवळजवळ संपल्यावर त्यांनी मान वर केली.

"एक सांग. चेंडू पडला कुठे? ऊन डोळ्यांवर होतं. मला वर जाताना दिसला, खाली येताना दिसला नाही."

माझी पंचाईत झाली. "मी डोळे मिटले होते," मी म्हटलं.

ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग हसायला लागले. पोट धरून, खुर्ची करकरेपर्यंत. मी जिन्याच्या तोंडाशी जाऊन हाक मारली, "अमोल, वर ये!" अमोल धावत आला, अनवाणी, काहीतरी झालं असं समजून. दारातच थबकला.

"आल्दोकाका विचारतायत, चेंडू कुठे पडला."

अमोलने आधी माझ्याकडे, मग त्यांच्याकडे बघितलं. खिडकीशी जाऊन त्याने पडदा बाजूला केला, म्हणजे हात फिरवायला उजेड मिळावा. मग सांगायला लागला. डावीकडच्या दिव्याच्या खांबावरून कसा गेला, कुंपणामागच्या ओढ्यावरून कसा गेला, पलीकडे गोदामाच्या अंगणात ट्रेलर उभा होता त्याच्या टपावर कसा आपटला आणि तिथून उडून कुठे गेला. आल्दोकाका टेबलावर दोन्ही कोपरं टेकून ऐकत होते. मध्येच त्यांनी विचारलं, "खांबाच्या किती वरून?" अमोलने हात उंच केला. "इतक्या."

"ओढ्याच्या पलीकडे? नक्की?"

"नक्की."

ते मागे टेकून बसले. मग त्यांनी रिकामी ताटली बाजूला सारली आणि समोरची खुर्ची पायाने अमोलकडे ढकलली.

"बस," ते म्हणाले. "पहिल्यापासून सांग."